साठ सेकंदांची कलरेषा: एका आलेखाचं प्रकरण

मेमरीच्या वापराचा आलेख. आडव्या अक्षावर शेवटची साठ सेकंदं, उभ्या अक्षावर मेगाबाइट. दर सेकंदाला उजवीकडे एक नवा बिंदू येतो आणि डावीकडचा एक गळून पडतो. सर्व्हरवर लक्ष ठेवणारी मंडळी हा आलेख दिवसभर उघडा ठेवतात. त्यांची मागणी साधी होती: या बिंदूंमधून एक ट्रेंड लाइन, म्हणजे कलरेषा, काढून द्या, म्हणजे मेमरी चढतेय की स्थिर आहे ते एका नजरेत कळेल.

आम्ही ती काढून दिली. तिच्यात दोन मोठ्या चुका निघाल्या. पहिली गणिताची होती आणि ती दिसत होती. दुसरी अर्थाची होती आणि ती दिसत नव्हती. दुसरीपायी एक चालती सेवा कारण नसताना बंद करून पुन्हा सुरू करावी लागली. हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण आलेखात अशी रेषा टाकणं हे अर्ध्या दिवसाचं काम समजलं जातं आणि आम्हीही तसंच समजलो होतो.

पहिली आवृत्ती

रेषा काढायची पद्धत किमान वर्गांची. रेषेपासून प्रत्येक बिंदूचं उभं अंतर घ्यायचं, त्याचा वर्ग करायचा आणि या वर्गांची बेरीज सगळ्यात कमी होईल अशी रेषा निवडायची. फ्रेंच गणिती लजांद्रने ही पद्धत १८०५ मध्ये धूमकेतूंच्या कक्षांवरच्या लिखाणात छापली. जर्मन गणिती गाउसने १८०९ मध्ये ती मांडताना आपण १७९५ पासून ती वापरत असल्याचं सांगितलं आणि मानकरी कोण यावरून दोघांमध्ये कटुता आली. इतकी जुनी, इतकी पारखलेली पद्धत. तिचं सूत्र कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडतं.

चढ काढायचा तर अंशात बिंदूंची संख्या गुणिले क्ष-य गुणाकारांची बेरीज, वजा क्ष ची बेरीज गुणिले य ची बेरीज. छेदात बिंदूंची संख्या गुणिले क्ष च्या वर्गांची बेरीज, वजा क्ष च्या बेरजेचा वर्ग. चढ मिळाला की रेषा सरासरी क्ष आणि सरासरी य च्या बिंदूतून ओढायची. एका लूपमध्ये चार बेरजा होतात, पंधरा ओळींत काम संपतं. छेद शून्य आला तर सगळे बिंदू एकाच क्ष वर आहेत असं मानून रेषा काढायची नाही, ही काळजीही मी घेतली होती.

चाचण्या लिहिल्या. क्ष १ ते १०, य एका सरळ रेषेत. मग आडवी रेषा. मग एकच बिंदू. सगळ्या पास झाल्या. महिन्याभराच्या रोजच्या आकड्यांवर रेषा टाकून पाहिली, तीही हवी तशीच आली.

रेषा फिरू लागली

साठ सेकंदांच्या आलेखावर मात्र ती टिकेना. एका सेकंदाला बिंदूंमधून जायची तशी जायची, पुढच्या सेकंदाला निम्मी आडवी व्हायची, मग नाहीशी व्हायची, मग उलट्या दिशेने उतरताना दिसायची. बिंदू शांतपणे वर चढत होते आणि रेषा मधल्या बिंदूभोवती सी-सॉच्या फळीसारखी वरखाली होत होती.

आमचा पहिला संशय चित्र काढणाऱ्या कोडवर गेला. नवा बिंदू येताना आणि जुना जाताना काही क्षण अर्धवट माहितीवर रेषा काढली जात असेल असं वाटलं. त्यात बराच वेळ गेला. ॲनिमेशन बंद केलं, येणारी माहिती थांबवून एकच गोठलेला संच घेतला. आता रेषा हलत नव्हती, पण चुकीचीच होती. म्हणजे दोष चित्रात नव्हता, आकड्यात होता.

मग छेद छापून पाहिला. कधी ०. कधी २१,९९,०२,३२,५५,५५२. कधी त्याच्या दुप्पट, कधी तोच आकडा ऋण. मधलं काहीच नाही. सहकाऱ्याने तो आकडा पाहिला आणि लगेच म्हणाला, "हा दोनाचा एकेचाळिसावा घात आहे." तिथून सगळं उलगडलं.

आमचा क्ष म्हणजे वेळ, आणि तीही मिलिसेकंदांत, १ जानेवारी १९७० पासून मोजलेली. ब्राउझरमध्ये वेळ अशीच मिळते. हा आकडा आज १.७ लाख कोटींच्या पुढे आहे. त्याचा वर्ग दहाच्या २४ व्या घाताच्या घरात जातो. साठ वर्गांची बेरीज करून तिला पुन्हा साठने गुणलं की उत्तर येतं साधारण १ वर २८ शून्यं. छेदातलं दुसरं पद, म्हणजे बेरजेचा वर्ग, तेही जवळजवळ तेवढंच. आणि आपल्याला हवी आहे या दोन महाकाय संख्यांमधली वजाबाकी.

ती किती यायला हवी? एकेक सेकंदाच्या अंतरावरच्या साठ बिंदूंसाठी हे हातानेही काढता येतं. बरोबर उत्तर आहे १०,७९,७०,००,००,०००, म्हणजे सुमारे १.०८ लाख कोटी. पण संगणकातल्या ६४ बिटांच्या फ्लोटिंग पॉइंट संख्येत, म्हणजे फार लहान-मोठ्या संख्या ठरावीक अंकांत साठवायच्या पद्धतीत, सार्थ भागासाठी ५३ बिट असतात. दशमान पद्धतीत हे सोळाएक अंक होतात. १ वर २८ शून्यं एवढ्या उंचीवर गेल्यावर लागोपाठच्या दोन लिहिता येणाऱ्या संख्यांमधलं अंतरच २.२ लाख कोटी असतं, म्हणजे तो दोनाचा एकेचाळिसावा घात. आम्हाला हवं असलेलं उत्तर त्या एका पायरीच्या निम्म्याहूनही लहान होतं. अर्धा मीटर मोजायचा आहे आणि मोजपट्टीवर खुणा मात्र मीटरामीटरावरच आहेत, तसं हे झालं. उत्तर शून्य येणार किंवा पूर्ण पायरी येणार, आणि अधल्यामधल्या बेरजांमध्ये जसं राउंडिंग होईल तसं ते धन किंवा ऋण असणार.

अंश मात्र ठीक होता. तिथे वेळेचा वर्ग नसल्यामुळे संख्या तेवढ्या उंचीवर जात नाहीत. त्यामुळे जे दिसलं त्या प्रत्येक गोष्टीचा हिशेब लागला. छेद पूर्ण पायरीएवढा आला की चढ निम्मा. ऋण आला की रेषा उलटी. शून्य आला की माझ्याच खबरदारीच्या ओळीने रेषा गायब. आणि रेषा नेहमी सरासरीच्या बिंदूतून ओढली जात असल्यामुळे फिरायची ती मध्याभोवतीच.

महिन्याच्या आलेखात हे का दिसलं नाही, याचं उत्तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तिथे दोन बिंदूंमधलं अंतर ८,६४,००,००० मिलिसेकंद आहे. तीस बिंदूंसाठी छेदाचं खरं मूल्य एवढं मोठं येतं की फ्लोटिंग पॉइंटची पायरी त्याच्या सुमारे ९० कोटी पट लहान ठरते. तोच कोड, तेच सूत्र, तोच सदोष हिशेब, आणि तरी उत्तर अचूक. मिनिटामिनिटाच्या आकड्यांवर चूक थोडीशी असते, डोळ्याला न कळण्याइतकी. आम्ही हे काम फक्त रोजच्या आकड्यांसाठी केलं असतं तर हा दोष वर्षानुवर्षं त्या कोडमध्ये बसून राहिला असता.

उपाय सोपा आहे. गणिताआधी प्रत्येक वेळेतून पहिली वेळ वजा करायची. मग क्ष ०, १०००, २००० असा ५९,००० पर्यंत जातो, वर्गांच्या बेरजा पूर्णांकांतच अचूक मावतात. त्याहून नेटकं म्हणजे आधी सरासरी काढायची आणि मग दुसऱ्या फेरीत सरासरीपासूनच्या अंतरांवरच काम करायचं. आम्ही दोन्ही केलं. वेलफर्डने १९६२ मध्ये एकाच फेरीत सरासरी आणि वर्गांची बेरीज अचूक ठेवत जायची रीत दिली आहे. सतत वाहत्या माहितीसाठी ती उत्तम. पण आमच्याकडे जुने बिंदू काढूनही टाकायचे होते, आणि मिळवणं-काढणं असं तासन् तास चालू राहिलं की बारीक चुका साठत जातात. साठ बिंदूंचा हिशेब दर सेकंदाला मुळापासून करायला खर्च असा काहीच नाही. म्हणून आम्ही हुशारी टाळली.

चाचण्यांमध्ये एक भर घातली आणि ती मी प्रत्येकाला सुचवेन. कोणताही संच घ्यायचा, त्याचा चढ काढायचा, मग सगळ्या क्ष मध्ये १.७ लाख कोटी मिळवायचे आणि पुन्हा काढायचा. चढ तोच यायला हवा. आधीचा कोड या चाचणीत तत्काळ पडतो. शिवाय अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने, म्हणजे निस्टने, सांख्यिकी सॉफ्टवेअर तपासण्यासाठी प्रमाणित संच ठेवले आहेत. त्यातला नॉरिस हा ३६ निरीक्षणांचा संच सरळ रेषेसाठी आहे आणि त्याचा प्रमाणित चढ १.००२११६८१८०२०४५ आहे. बहुपदीसाठी वॅम्पलरचे संच आहेत: क्ष ० ते २०, पाचव्या घातापर्यंत. हे संच मोफत आहेत आणि एकदा चाचण्यांत बसवले की कायमचा आधार मिळतो. हा प्रश्न मोठमोठ्या सॉफ्टवेअरलाही चुकलेला नाही. एक्सेलमध्ये रेषा बसवणाऱ्या लिनेस्ट या फंक्शनची अंतर्गत पद्धत २००३ च्या आवृत्तीत बदलली आणि तिथून क्यूआर विघटन ही अधिक स्थिर गणिती रीत वापरली जाऊ लागली, ते याच प्रकारच्या अचूकतेसाठी.

बरोबर रेषा, चुकीचा निरोप

रेषा स्थिर झाली. आम्ही तिच्याखाली एक ओळही घातली: मेमरी ताशी इतके मेगाबाइट वाढते आहे, या गतीने मर्यादा इतक्या वेळात गाठली जाईल. ही ओळ लोकांना फार आवडली.

मग एका रात्री पाळीवर असलेल्या अभियंत्याला त्या ओळीत दिसलं की मेमरी ताशी ४०० मेगाबाइटने वाढतेय आणि शिल्लक २०० मेगाबाइट अर्ध्या तासात संपतील. त्यांनी जे करायला हवं तेच केलं: सेवा थांबवून पुन्हा सुरू केली. त्या वेळी जोडलेल्या वापरकर्त्यांची कामं मध्येच तुटली. सकाळी आम्ही मागच्या बारा तासांची नोंद पाहिली तर मेमरी जिथे होती तिथेच होती. गळती, म्हणजे वापरून झालेली मेमरी परत मोकळी न होणं, नव्हतीच.

"तुमची रेषा सांगत होती म्हणून आम्ही केलं," ते म्हणाले. त्यांचं बरोबर होतं.

या वेळी गणित तपासलं, तर ते शेवटच्या अंकापर्यंत अचूक निघालं. दोष खिडकीत, म्हणजे रेषा जेवढ्या कालावधीवर काढली त्यात होता. ज्या प्रोग्रामिंग भाषांमध्ये मेमरी आपोआप मोकळी होते, त्यांच्यात वापराचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा असतो. वापर चढत जातो, गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी मोकळी करणारा भाग) चालतो, वापर धाडकन खाली येतो, पुन्हा चढू लागतो. या सेवेत दर सेकंदाला साधारण १ मेगाबाइट वाढ आणि दर ४० सेकंदांनी ४० मेगाबाइटची घसरण, असा ठेका होता. दूरवर पाहिलं तर चढ शून्य. पण आमची खिडकी ६० सेकंदांची, म्हणजे दीड दाता. ती दाता कुठे कापते यावर रेषेचा चढ ठरतो.

मी हे कागदावर सोडवून पाहिलं. खिडकी दात्याच्या तळापासून सुरू झाली तर चढ येतो सेकंदाला एक-नवमांश मेगाबाइट. ताशी हिशेब केला तर बरोबर ४००. दहा सेकंदांनी तोच चढ शून्यावर येतो. आणखी दहा सेकंदांनी परत ४००. आणि त्यानंतरच्या दहा सेकंदांनी उणे ४००. म्हणजे सेवेत काहीही घडत नसताना आमची ओळ दर ४० सेकंदांत "वाढतेय", "स्थिर आहे" आणि "कमी होतेय" असे तिन्ही निरोप आळीपाळीने देत होती. त्या अभियंत्याने पाहिलं त्या क्षणी ती पहिला निरोप देत होती, एवढंच.

या टप्प्यावर माझा या कामाकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलला. बिंदू हे मोजमाप आहे, तिथे आपण काही ठरवत नाही. रेषा काढली की आपण वाचणाऱ्याच्या वतीने एक विधान करतो: या बिंदूंमागे सरळ वाढ आहे आणि बाकीचा सगळा गोंगाट आहे. करवतीच्या दात्यांबाबत हे विधानच खोटं आहे. ४० मेगाबाइटची ती घसरण गोंगाट नाही, ती यंत्रणेची रीत आहे. तिच्यावर सरळ रेषा बसवायची तर आधी ठेका ओळखायला हवा.

संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस ॲन्सकोम्ब यांनी १९७३ मध्ये चार छोटे संच मांडले होते, प्रत्येकी ११ बिंदूंचे. चारही संचांची सरासरी सारखी, चढ ०.५, रेषा य-अक्षाला छेदते तो बिंदू ३, आर वर्ग (रेषा बिंदूंशी किती जुळते त्याचं माप) ०.६७. आलेख काढला तर एक खरोखर रेषेभोवती विखुरलेला, दुसरा कमानीसारखा, तिसऱ्यात एकच बिंदू फटकून, चौथ्यात एक बिंदू सोडला तर सगळे एकाच उभ्या रेषेवर. हा दाखला मला आधीपासून माहीत होता. पण तो आकड्यांवर विसंबून आलेख न पाहणाऱ्यांसाठी आहे असं मी समजत होतो. इथे तर आलेख समोर होता, बिंदू समोर होते, आणि तरीही माणसाने बिंदूंवर नाही, रेषेवर विश्वास ठेवला. ठळक रंगाची रेषा आणि तिच्याखालचं वाक्य यांच्यापुढे फिकट बिंदूंकडे मध्यरात्री कोण पाहणार?

आम्ही दोन बदल केले. खिडकी १० मिनिटांची केली. खिडकी वाढली की दाता कुठे कापला जातो याचा परिणाम झपाट्याने घटतो, कारण चढाच्या छेदात खिडकीच्या लांबीचा घन येतो. दुसरा बदल जास्त महत्त्वाचा: मेमरीच्या आलेखात रेषा सगळ्या बिंदूंमधून न काढता प्रत्येक घसरणीनंतरच्या तळांमधून काढली. गळती शोधणारे अनुभवी लोक डोळ्यांनी हेच करतात. कलेक्शननंतर उरलेली मेमरी ही खऱ्या अर्थाने वापरात असलेली मेमरी, आणि ती चढत गेली तरच काळजी. दहा मिनिटांत असे सुमारे १५ तळ मिळतात.

त्याच ओघात सापडलेल्या गोष्टी

एकदा संशयाने पाहायला लागल्यावर बाकीच्या आलेखांतही बरंच काही निघालं.

काही आलेखांत क्ष म्हणून वेळ न घेता बिंदूचा क्रमांक घेतला जात होता. सलग माहितीत फरक पडत नाही. पण समजा रोज २ ने वाढणारी राशी आहे, दिवस १ ते ४ ची नोंद आहे, मग सहा दिवस काहीच नाही आणि पुढे ११, १२, १३ ची नोंद आहे. मूल्यं १०, १२, १४, १६, ३०, ३२, ३४. खरा चढ दिवसाला २. क्रमांक वापरला तर चढ येतो ४.५७. माहिती गोळा करणारा प्रोग्राम सहा दिवस बंद होता, याची शिक्षा म्हणून वाढ दुपटीहून जास्त दिसते. एक्सेलमध्येही शब्दांच्या श्रेणी असलेल्या लाइन चार्टवर कलरेषा टाकली की क्ष १, २, ३ असाच धरला जातो. स्कॅटर चार्टमध्ये मात्र खरी क्ष मूल्यं घेतली जातात. दोन्ही चित्रं जवळजवळ सारखी दिसतात, त्यामुळे हा फरक हमखास निसटतो.

लॉगरिदमी अक्षावर, म्हणजे जिथे सारख्या अंतराला मूल्य सारख्या पटीने वाढतं तिथे, आम्ही रेषेची दोन टोकं काढून ती जोडत होतो. समजा टोकं १० आणि १००० वर आहेत. सरळ वाढीत मधोमध मूल्य ५०५ असायला हवं. पण लॉग अक्षावर दोन टोकं सरळ जोडली की मधला बिंदू १०० वर पडतो. म्हणजे गणित एका रेषेचं आणि चित्र भलत्याच वक्राचं. अशा अक्षावर रेषेचे पुरेसे मधले बिंदू काढून ते जोडावे लागतात, मग ती वाकलेली दिसते, आणि ती वाकलेली दिसणंच योग्य आहे.

घातांकी कलरेषेचा प्रकार वेगळा. बहुतेक सॉफ्टवेअर, एक्सेलसकट, य चा लॉगरिदम घेऊन सरळ रेषा बसवतात आणि परत फिरवतात. त्यामुळे लहान मूल्यांमधल्या चुकांना वजन जास्त मिळतं, मोठ्यांना कमी. ते चूक नाही, पण ते सांगायला हवं. शून्य किंवा ऋण मूल्य आलं तर लॉगरिदमच नाही. आमच्या कोडमध्ये शून्यं गुपचूप गाळली जात होती. चुकांची संख्या दाखवणाऱ्या आलेखात शून्य म्हणजे चांगला दिवस. सगळे चांगले दिवस गाळून उरलेल्यांचा कल दाखवणं हे मला आजही बोचतं. आता शून्य असेल तर घातांकी पर्यायच मिळत नाही.

रेषेचं समीकरण आलेखावर छापताना चार दशांश स्थळं ठेवली होती. तारीख एक्सेलच्या पद्धतीने क्रमांकात धरली तर १ जानेवारी २०२४ म्हणजे ४५,२९२. त्याचा वर्ग २०० कोटींच्या वर. कलरेषा दुसऱ्या घाताची, म्हणजे वक्र असेल, तर वर्गपदाच्या गुणकात चौथ्या स्थळानंतर जे कापलं जातं ते जास्तीत जास्त ०.००००५, आणि तेवढ्यानेच उत्तरात एक लाखाहून मोठी चूक होऊ शकते. ते समीकरण उतरवून कुणी हिशेब केला तर तो आलेखाशी जुळणारच नाही. आम्ही समीकरण काढूनच टाकलं. चढ आणि त्याचं एकक एवढंच ठेवलं.

मोठ्या संचांत चित्र वेगाने यावं म्हणून बिंदू विरळ केले जातात आणि विरळ करताना टोकाचे बिंदू मुद्दाम राखले जातात, म्हणजे आकार टिकतो. रेषा त्या विरळ बिंदूंवर काढली जात होती. ती मूळ माहितीवरच काढायला हवी. एका ओळीचा बदल.

रेषा कधी काढायचीच नाही

यावर आमच्यात खूप चर्चा झाली आणि मतं अजूनही पूर्ण जुळलेली नाहीत.

प्रॉडक्ट सांभाळणाऱ्या सहकाऱ्याचं म्हणणं असं की रेषा मागितली तर रेषा दिसली पाहिजे. माझं म्हणणं, चढ गोंगाटातून वेगळा काढता येत नसेल तर सपाट दिसणारी रेषासुद्धा काढू नये. "निश्चित कल नाही" असं लिहावं. आर या प्रोग्रामिंग भाषेतल्या जीजीप्लॉट-२ या आलेख काढणाऱ्या साधनात कलरेषेभोवती तिची अनिश्चितता दाखवणारा ९५ टक्क्यांचा पट्टा आपसूक येतो, तो बंद करायला वेगळं सांगावं लागतं. मला ही निवड फार योग्य वाटते. पट्टा मध्यभागी अरुंद आणि टोकांना रुंद असतो, त्यामुळे रेषा पुढे लांबवताना अनिश्चितता कशी वाढते ते न सांगता दिसतं.

पण निव्वळ ९५ टक्क्यांची कसोटी लावूनही आम्ही सुटलो नाही. एका डॅशबोर्डवर बारा आलेख आहेत. कशातच खरा कल नसला आणि ते एकमेकांपासून स्वतंत्र असले, तरी बारांपैकी किमान एकात "कल आहे" असं दिसण्याची शक्यता ४६ टक्के निघते. शिवाय ही कसोटी धरून चालते की रेषेभोवतीच्या चुका एकमेकींपासून स्वतंत्र आहेत. मेमरीचा आत्ताचा आकडा मागच्या सेकंदाच्या आकड्याला चिकटलेला असतो. लागोपाठच्या नोंदींमधला सहसंबंध ०.८ असेल तर सरासरी काढण्यापुरतं बोलायचं झालं तरी ६० नोंदींचं बळ स्वतंत्र अशा सातेक नोंदींएवढंच उरतं. साठ बिंदू दाटीवाटीने दिसतात म्हणून वाटणारा भरवसा खोटा असतो. म्हणून आमचा पट्टा आता नोंदींच्या या प्रभावी संख्येवरून काढला जातो आणि तो आधीपेक्षा बराच रुंद दिसतो. पहिल्यांदा पाहणाऱ्यांना तो कुरूप वाटतो. मी तो अरुंद करायला तयार नाही.

फटकून असलेल्या बिंदूंसाठी थील आणि सेन यांची पद्धत ठेवली: प्रत्येक दोन बिंदूंमधला चढ काढायचा आणि त्या सगळ्यांचा मध्यक घ्यायचा. साधारण २९ टक्के बिंदू बिघडले तरी ती हलत नाही. ६० बिंदूंना १,७७० जोड्या होतात, ते क्षणात होतं. दहा हजार बिंदूंना जवळपास पाच कोटी होतात, तिथे ब्राउझर अडकतो, म्हणून मोठ्या संचांवर हा पर्याय आम्ही देत नाही.

मर्यादा कधी गाठली जाईल ते सांगणारी ओळ आता चढाचा अनिश्चिततेचा पट्टा पूर्णपणे शून्याच्या वर असेल तेव्हाच येते, आणि एक वेळ न सांगता "इतक्यापासून इतक्यापर्यंत" असं अंतर सांगते. त्या अभियंत्यांना आम्ही ही नवी आवृत्ती आधी दाखवली आणि तीच जुनी रात्र तिच्यावर पुन्हा चालवली. ओळ एकदाही उमटली नाही. त्यांनी विचारलं, "आणि खरोखर गळती असती तर?" मग आम्ही त्याच नोंदीत ताशी ४०० मेगाबाइटची खरी वाढ मिसळून दाखवली, आणि ओळ किती उशिराने येते ते त्यांच्यासमोर घड्याळ लावून मोजलं. तो उशीर चालेल का हे त्यांनी ठरवायचं होतं, आम्ही नाही.

एक काम अजून राहिलं आहे. सेकंदातून एकदा मोजल्यामुळे तळ नेमका पकडला जात नाही. कलेक्शन दोन नोंदींच्या मध्ये होतं आणि आपल्याला दिसणारा तळ १ मेगाबाइटपर्यंत वर असू शकतो. त्याहून मोठी अडचण अशी की पिढ्यांमध्ये विभागलेल्या मेमरीत (नव्या वस्तू एका भागात, टिकून राहिलेल्या दुसऱ्यात) छोट्या कलेक्शननंतरचे तळ हळूहळू चढतच असतात आणि मोठं कलेक्शन झालं की ते खाली येतात, म्हणजे तळांनाही आपला एक मोठा दाता असतो. जावाच्या व्हर्च्युअल मशीनकडून प्रत्येक मेमरी पूलचा, म्हणजे मेमरीच्या अशा एकेका भागाचा, कलेक्शननंतरचा वापर वेगळा मागता येतो. तो थेट घेऊन जुन्या पिढीच्या पूलवर रेषा काढायचं काम चालू आहे. ते होईपर्यंत आलेखाखाली लिहिलेलं असतं: "शेवटची १० मिनिटं, छोट्या कलेक्शननंतरचे तळ, १५ बिंदू."